सोशलमध्ये साधं नाचणं म्हणजे बोअर नाचणं का?

पाच_सहा_सात:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी साधारण अडीच वर्षं साल्सा शिकतोय, ऑन वन (म्हणजे १ च्या ठोक्यावर सुरू होणारा), लीड करतो, म्हणजे पुढची स्टेप मी ठरवतो आणि समोरची फॉलो करते. क्लासमध्ये दर आठवड्याला एक नवीन कॉम्बो शिकवतात, त्याचा व्हिडिओ काढून ठेवतो, घरी आरशासमोर घोटतो आणि वहीत नंबर घालून लिहूनही ठेवतो (हो, वही आहे, हसू नका), मागच्या महिन्यात मोजले तर ४७ झालेत. डबल टर्न, दोन तऱ्हेचे डिप (पार्टनरला हातावर मागे झुकवायचं ते), मानेवरून हात फिरवून पाठीमागे पकडायचं ते, सगळं येतं. क्लासमध्ये सर कधीकधी मलाच पुढे उभं करून दाखवायला लावतात, सांगायचा मुद्दा एवढाच की अगदीच नवखा नाहीये.

तर मागच्या शनिवारी सोशलला (क्लासबाहेर सगळे जमून नुसतं नाचतो तिथे) एक ताई आल्या होत्या, आधी कधी बघितलं नव्हतं, पन्नाशीच्या असतील, सुंदर नाचत होत्या. मी विचारलं, नाचलो, एकूणएक स्टेप बसली, एकही चुकली नाही. गाणं संपल्यावर "अरे वा, बरंच येतं की तुम्हाला" म्हणाल्या आणि पाणी प्यायला गेल्या. अर्ध्या तासाने बघतो तर त्या आमच्या इथल्या एका काकांबरोबर नाचतायत. या काकांना मी वर्षभर बघतोय, बेसिक, क्रॉस बॉडी (पार्टनरला समोरून पलीकडे नेणं), एक उजवा टर्न आणि मधेच जागच्या जागी थोडं झुलणं, यापलीकडे त्यांनी काही केलेलं मी तरी पाहिलेलं नाही. आणि ताई डोळे मिटून हसत होत्या, एक नाही, लागोपाठ तीन गाणी!

मग जरा लक्ष देऊन बघायला लागलो तेव्हा कळलं की या काकांना बायका स्वतःहून जाऊन विचारतात. माझ्याकडे पहिल्यांदा सगळ्या येतात, दुसऱ्यांदा फार कोणी येत नाही. हे आधी कसं दिसलं नाही काय माहीत.

तर प्रश्न असा, हे नक्की काय चाललंय? साधं नाचायचं म्हणजे पूर्ण गाणं, चार साडेचार मिनिटं, तेच बेसिक करत बसायचं का? समोरची व्यक्ती कंटाळणार नाही का? मला तर कोणी दोन वेळा सलग बेसिक केलं की वाटतं याला पुढचं आठवत नाहीये. प्लीज खरं खरं सांगा, मी ऐकून घेईन.

डावा_पाय:

४७!!! वहीची झेरॉक्स मिळेल का? मला सहा येतात, त्यातले दोन दोन्ही बाजूंना करून आठ म्हणून सांगतो.

निवांत_नाचरी:

खरं खरं म्हणालात म्हणून लिहिते, मोठं होणार आहे, पाणी घेऊन बसा. मी आठ वर्षं फॉलो करतेय, गेली दोनेक वर्षं थोडं लीडही शिकतेय त्यामुळे दोन्ही बाजू जराशा कळतात.

"बरंच येतं की तुम्हाला" हे वाक्य आम्ही कधी म्हणतो सांगू? नाचताना आम्ही नुसत्या प्रेक्षक झालेल्या असतो तेव्हा. वाईट हेतू नसतो, कौतुकच असतं, पण ते तुमच्या कष्टांचं कौतुक असतं. मजा आली असती तर त्या काहीतरी वेगळंच बोलल्या असत्या किंवा काहीच बोलल्या नसत्या, नुसत्या तिथेच पुढच्या गाण्याची वाट बघत उभ्या राहिल्या असत्या.

तुमच्याबरोबर मी नाचलेले नाही पण तुमच्यासारख्या खूप जणांबरोबर नाचलेय म्हणून आतून कसं वाटतं ते सांगते. गाणं सुरू होतं, दोन बेसिक होतात न होतात तोच पहिला टर्न येतो, तो संपायच्या आत हात बदललेला असतो, मी कुठे उभी आहे, माझं वजन कुठल्या पायावर आहे, याची कोणाला पडलेली नसते कारण समोरच्याच्या डोक्यात पुढचा कॉम्बो फिरत असतो. ते चेहऱ्यावर दिसतं बरं का! डोळे माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी, ओठ किंचित हलतायत. मग माझं काम एवढंच उरतं की ओळखायचं हा आता काय करणार आहे आणि वेळेत तिथे पोचायचं. ही परीक्षा असते, मी ती पास होते, ते पण पास होतात, आणि गाणं कुठलं होतं विचारलं तर दोघांनाही सांगता येत नाही.

आता दुसरी गोष्ट, जी कोणी तोंडावर बोलत नाही. शरीराला लागतं हो. ३ वर्षांपूर्वी एकाने मला दुहेरी टर्न देताना हात डोक्यावर ठेवायच्या ऐवजी मागे ओढला, म्हणजे माझी कोपरं माझ्या खांद्याच्या पाठीमागे गेली, आणि वरून अंगठा घट्ट दाबून धरलेला, त्यामुळे माझी बोटं त्याच्या हातात फिरूच शकत नव्हती. टर्न दिसायला भारी झाला असणार. मला पुढचे पाच आठवडे केस बांधताना हात वर नेता येत नव्हता. त्याला आजतागायत माहीत नाही कारण मी पण हसून थँक यू म्हणून निघून गेले, ही माझी चूक, आता मी तिथल्या तिथे सांगते. तर प्लीज, टर्न देताना हात समोरच्या व्यक्तीच्या डोक्याच्या वर ठेवा, तिच्या नजरेसमोरच्या भागातच, बोटं सैल, अंगठा मोकळा. आणि अनोळखी माणसाला डिप देऊ नका, एवढं एक जरी पाळलंत तरी पुष्कळ. समोरच्याची कंबर दुखते का, सकाळीच फिजिओकडे जाऊन आलीय का, तुम्हाला काय माहीत?

काकांचं म्हणाल तर मी त्यांना बघितलेलं नाही पण असे काका (आणि मावश्या, लीड करणाऱ्या मावश्या पण असतात) प्रत्येक ठिकाणी एक तरी असतात. ते टर्न देतात तेव्हा तो टर्न पूर्ण होईपर्यंत थांबतात. वाचायला किती फालतू वाटतं ना? पण मला वळायला दोन ठोके लागोत की अडीच, माझं वजन खाली येईपर्यंत हा माणूस पुढचं काही मागणार नाही याची खात्री असली की खांदे आपोआप खाली येतात, श्वास सुटतो, मग मी गाणं ऐकायला लागते, आणि मग माझ्या बाजूनेही काहीतरी येतं, एखादी खांद्याची लकब, एखादा पाय उशिरा टाकणं, आणि ते त्यांना कळतं, ते हसतात. डोळे मिटून हसण्याचं कारण ते.

ठेका:

मी अधूनमधून सोशलला गाणी लावतो आणि थोडी कोंगा (हाताने वाजवायचा उभा ढोल) वाजवतो, त्या बाजूने एक मुद्दा.

साल्सात आठ मोजतो पण पावलं सहाच, १-२-३ आणि ५-६-७. ४ आणि ८ ला बहुतेक जण काही नाही म्हणून सोडून देतात किंवा उरलेल्या हातांच्या करामती तिथे कोंबतात. आता कोंगा ऐका. नेहमीच्या तुंबावमध्ये, म्हणजे कोंगाच्या ठरलेल्या ठेक्यात, २ ला आणि ६ ला थाप बसते, चटक आवाजाची, आणि नेमकं ४ ला आणि ८ ला दोन उघडे बोल येतात, डुम-डुम, घुमणारे. म्हणजे तुम्ही ज्याला रिकामी जागा समजताय तिथे कोंगावाला सगळ्यात मोठ्याने बोलतोय! चांगले नाचणारे तिथे काही करत नाहीत, नुसतं वजन सावकाश पुढच्या पायावर जाऊ देतात, आणि तेवढ्याने बेसिक असं दिसतं की बघत राहावं.

४७ कॉम्बो असलेला माणूस १ वर लवकर पोचतो, हे माझं निरीक्षण. घाई असते ना. गाण्याच्या एक केसभर पुढे पळत असतो आणि त्याला वाटतं आपण एनर्जी देतोय. मुद्दाम बघा पुढच्या वेळी.

दुसरं म्हणजे गाणं सगळीकडे सारखं नसतं. सुरुवातीला गायक गोष्ट सांगत असतो, तेव्हा वाद्यं मागे असतात. नंतर मोंतुनो सुरू होतो, कोरस एकच ओळ परत परत म्हणतो, गायक मधे मधे उत्तरं देतो, ब्रास चढतं. टर्नची आतषबाजी करायचीच असेल तर तिथे करा, तिथे ती शोभते. गायक हळू आवाजात काहीतरी सांगतोय आणि फ्लोअरवर ट्रिपल टर्न चाललेत, हे बघून मला गाणं बंद करावंसं वाटतं. (करत नाही. एकदाच केलंय.)

जुना_खांब:

मी तांगोवाला, साल्साच्या धाग्यात घुसतोय, माफी असावी. आयडी जुना खांब अशासाठी की मिलोंगात (आमचं सोशल) मी बहुतेक वेळ खांबाला टेकून बघत असतो.

आमच्याकडे हा वाद फार जुना आहे आणि त्याला थोडा इतिहास आहे. १९४० च्या दशकात ब्युनोस आयर्समध्ये तांगो म्हणजे रोजचा विषय होता, मोठमोठे ऑर्केस्ट्रा, आणि शहराच्या मध्यभागातले क्लब खचाखच भरलेले. अशा गर्दीत पाय लांब टाकायला जागाच नसायची. मग जवळची मिठी, छोटी पावलं, जागच्या जागी वळणं, थांबणं, असं नाचणं घडत गेलं, त्याला मिलोंगेरो स्टाइल वगैरे नावं खूप नंतर पडली. आपण म्हणतो नाचता येईना अंगण वाकडं, त्या लोकांचं अंगण खरोखरच चटईएवढं होतं आणि त्यातच त्यांनी नाच बसवला.

मग १९८३ मध्ये पॅरिसला आणि १९८५ मध्ये ब्रॉडवेवर तांगोचा एक मोठा स्टेज शो गाजला आणि जगभर लोक क्लासला धावले. चांगलंच झालं, त्याशिवाय माझ्यासारख्यापर्यंत तांगो पोचलाच नसता. पण लोकांनी पाहिलेला तांगो होता तो लांबून, तिसऱ्या मजल्यावरच्या खुर्चीतूनही दिसावा म्हणून बसवलेला, पाय हवेत उडवणारा, पार्टनरच्या दोन पायांमधून लाथ मारणारा. तेच शिकायचंय म्हणून लोक आले, आणि तेच भरल्या फ्लोअरवर करायला लागले. माझ्या पोटरीवर टाचेचा एक व्रण आहे, शेजारच्या जोडीने दिलेला. त्यांचा गान्चो (तीच पायांमधली लाथ) छान झाला होता म्हणे.

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे तिथले लोकही मानतात. ब्युनोस आयर्सला २००३ पासून तांगोची जागतिक स्पर्धा होते, त्यात दोन गट आहेत, एक पिस्ता म्हणजे फ्लोअरचा आणि एक एसेनारिओ म्हणजे स्टेजचा. पिस्ता गटात अनेक जोड्या एकाच वेळी गोलात नाचतात, घड्याळाच्या उलट दिशेने, उड्या मारायच्या नाहीत, गाणं चालू असताना मिठी सोडायची नाही, आणि गाणीही आयोजकांनी लावलेली, आधी बसवून येता येत नाही. स्टेज गटात काय हवं ते करा. दोन्हीकडे बाप माणसं असतात, पण कोणी एकाला दुसरं समजत नाही.

आता तुमच्या "पूर्ण गाणं बेसिकच करायचं का" याबद्दल. आमच्याकडे बेसिक म्हणजे चालणं. फक्त चालणं. मला शिकवणाऱ्या बाईंनी पहिले चार महिने दुसरं काही शिकवलंच नाही, मी वैतागून दुसऱ्या क्लासला गेलो, तिथे भराभर फिगर शिकलो, आणि सहा वर्षांनी परत त्याच बाईंकडे चालायला शिकायला आलो. त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं घड्याळ लावून दी सार्लीचा ऑर्केस्ट्रा लावला आणि म्हणाल्या, चाला. चालण्यात करण्यासारखं काय असतं? पाऊल लांब की आखूड, दुप्पट वेगाने की अर्ध्या, जमिनीला घासून की उचलून, कुठे थांबायचं, थांबल्यावर किती वेळ थांबायचं, आणि सगळ्यात अवघड म्हणजे थांबलेलं असताना समोरच्याला आपण अडकलोय असं न वाटू देणं. मी अजून शिकतोय. दोन माणसांची छाती एकमेकांना टेकलेली असताना खोटं नाचता येत नाही, घाबरला असाल तर तेही पोचतं.

आणि हो, आमच्यात तीन किंवा चार गाण्यांचा एक तांदा असतो, तो एकाच जोडीदाराबरोबर नाचायचा रिवाज आहे. पहिल्या गाण्यात सगळे फटाके उडवलेत तर उरलेली तीन गाणी काय करणार?

बिनधास्त_भिंगरी:

सगळे एका सुरात साधेपणाची आरती करताय म्हणून मी विरोधी पक्षात बसते 😄

मी लिंडी हॉप करते, स्विंग संगीतावरचा हार्लेमचा जोडीनाच. आमच्याकडे साधंच नाचा म्हणणारा एक गट आहे आणि त्यातले निम्मे लोक साधेपणाच्या नावाखाली आळस करतात. वर्षानुवर्षं तोच ढिला स्विंग आऊट (आमची मुख्य स्टेप), ना हातात ताण, ना पायात स्प्रिंग, आणि कोणी नवीन काही केलं की "शो ऑफ" म्हणून नाक मुरडायचं. साधं आणि मरगळलेलं यात फरक आहे की नाही? त्या काकांच्या नावाने उद्या कोणीही तीन स्टेप घेऊन उभा राहील आणि म्हणेल मी मिनिमलिस्ट आहे.

आणि दिखावा कायम वाईटच असतो असंही नाही. हार्लेममधला सॅवॉय बॉलरूम, १९२६ ते १९५८, एका रस्त्यापासून दुसऱ्या रस्त्यापर्यंत पसरलेला फ्लोअर, तिथेसुद्धा एक कोपरा होता, कॅट्स कॉर्नर, जिथे चांगले नाचणारे आपापली कला दाखवायचे, एकमेकांवर कुरघोडी करायचे. फ्रँकी मॅनिंगने १९३५ ला पार्टनरला पाठीवरून उलटी फिरवून पलीकडे उतरवली ती पहिली एअर स्टेप तिथल्याच एका चुरशीत. ते नसतं तर लिंडी आज एवढा जिवंत राहिला असता असं मला वाटत नाही. माणसाला आपण काय करू शकतो ते दाखवावंसं वाटतं, त्यात पाप काय?

फक्त (आता मी माझ्याच पक्षाविरुद्ध मतदान करते) त्याला जागा होती. कोपरा होता, स्पर्धा होती, लोक गोल करून उभे राहायचे, आणि उडणारी मुलगी महिनोन्महिने त्याच माणसाबरोबर प्रॅक्टिस केलेली असायची. बाकीच्या फ्लोअरवर बाकीचे लोक सुखाने नाचत होते. आत्ता होतं काय की तो कोपरा सगळ्या फ्लोअरभर पसरलाय कारण कोणीतरी फोन धरून उभा असतो. रील काढायला नाचणारी जोडी लगेच ओळखू येते, दोघंही एकाच बाजूला तोंड करून नाचतात.

आणि मॅनिंग म्हणाल तर त्यांचे म्हातारपणचे व्हिडिओ बघा. त्यांची वाढदिवसाला जेवढं वय तेवढ्या पार्टनरबरोबर नाचायची पद्धत होती, ८५ व्या वर्षी ८५ जणींबरोबर! त्यात काय एअर स्टेप मारणार? जरासं वाकून, पायाने घसटत, कमीत कमी हालचालीत स्विंग. आणि समोरची प्रत्येक जण अशी खूश की जणू तिलाच लॉटरी लागलीय.

अवांतर: गर्दीचं अंगण म्हणालात म्हणून आठवलं, बाल्बोआ हा नाचही असाच, दक्षिण कॅलिफोर्नियातल्या गच्च भरलेल्या बॉलरूममध्ये पाय उडवायला जागाही नाही आणि परवानगीही नाही, मग छातीला छाती लावून पायांची बारीक बारीक कलाकुसर. बघणाऱ्याला वाटतं दोघं नुसते थरथरतायत.

आणि एक राहिलंच, दिखावा फक्त लीडच करतात असं वाटायला नको. फॉलो करणाऱ्यांमध्ये पण असतात, प्रत्येक ठोक्याला केसांतून हात, हवेत हात, लीडने दिलेल्या जागेत न मावणारं स्टायलिंग, एकीच्या बांगडीने माझ्या पार्टनरची भुवई फुटली होती.

पाच_सहा_सात:

बापरे, एवढं सगळं. सगळ्यांना मनापासून धन्यवाद. नाचरी ताई, अंगठ्याचं वाचून घाम फुटला कारण मी अंगठा धरतो. घट्ट धरतो. नाहीतर डबल टर्नमध्ये हात सुटतो.

पण एक प्रामाणिक शंका, मला थांबलं की भीती वाटते. म्हणजे खरंच. दोन बेसिक झाले की डोक्यात घंटा वाजायला लागते की आता काहीतरी कर, ती बोअर होतेय, ती दुसरीकडे बघतेय, आणि हात आपोआप पुढचा कॉम्बो काढतो. दाखवायचं म्हणून करतो असं मला आजपर्यंत वाटलं नव्हतं. याचं काय करायचं?

निवांत_नाचरी:

अहो हे लिहिलंत तेच बरं झालं. माझ्या अनुभवात चमको समजले जाणारे निम्मेअधिक लोक घाबरलेलेच असतात. मी लीड शिकायला लागले तेव्हा मला पण हीच घंटा ऐकू यायची, तेव्हा कुठे कळलं की समोरचे इतकी वर्षं असं का करत होते. आधी मी सरसकट सगळ्यांना शिष्ट समजायचे.

मला एकाने दिलेला गृहपाठ तुम्हाला देते. पुढच्या सोशलला प्रत्येक नवीन पार्टनरबरोबर गाण्याचा पहिला अर्धा मिनिट हात सोडायचा नाही, जवळच्या पोझिशनमध्ये फक्त बेसिक. त्या अर्ध्या मिनिटात दोनच गोष्टी शोधायच्या, तिची पावलं केवढी आहेत आणि ती १ वर नेमकी कधी येते, तुमच्या आधी, बरोबर की जराशी मागे. तिच्या पावलाएवढं तुमचं पाऊल करा. डोक्याला हे काम दिलं की घंटा वाजायला जागा राहत नाही. मग एक गाणं पूर्ण, शेवटपर्यंत, फक्त तीन गोष्टी वापरून नाचा, कुठल्या ते तुम्ही ठरवा. ते एक गाणं भयंकर जाणार आहे, आधीच सांगते.

अंगठ्याचं म्हणाल तर हात सुटला तर सुटू दे. सुटला म्हणजे टर्न जास्त वेगात होता. वेग कमी करा, पकड वाढवू नका.

ठेका:

+१. आणि घरी वही बाजूला ठेवून एकच गाणं आठवडाभर ऐका, नाचू नका, फक्त ऐका. ब्रेक (वाद्यं क्षणभर थांबतात ती जागा) कुठे येतो तो पाठ झाला पाहिजे. गाणं पाठ असेल तर ब्रेकला दोघांनी नुसतं थांबलं तरी ते डिपपेक्षा भारी वाटतं.

पाच_सहा_सात:

दोन आठवड्यांनी अपडेट देतोय, कोणाला अजून इंटरेस्ट असेल तर.

पहिला शनिवार वाईट गेला. तीन गोष्टींचं गाणं केलं, क्रॉस बॉडी, उजवा टर्न आणि ओपन ब्रेक, दीड मिनिटाच्या आसपास वाटलं की पळून जावं, समोर क्लासमधलीच मैत्रीण होती, तिने मधेच विचारलं "तुला बरं नाहीये का?" दुसऱ्या एकीबरोबर पहिला अर्धा मिनिट नुसतं बेसिक केलं, आणि लक्षात आलं की ती प्रत्येक वेळी १ वर माझ्या नंतर येतेय. मला वाटलं ही लेट आहे. मग गाण्याकडे लक्ष दिलं तर लेट ती नव्हती, मीच लवकर होतो, ठेका भाऊ म्हणाले तसं एक केसभर. अडीच वर्षं! कोणीतरी सांगायचं ना राव.

काल दुसरा शनिवार. अंगठा मोकळा ठेवला, डबल टर्न दिलेच नाहीत, सिंगल दिले आणि संपेपर्यंत थांबलो. हात दोनदा सुटला, दोन्ही वेळा आम्ही हसलो आणि परत धरला, काही आकाश कोसळलं नाही. एक गाणं माझ्या पाठ असलेलं लागलं, त्यातल्या ब्रेकला मी थांबलो आणि समोरची पण थांबली, मी काही लीड केलं नव्हतं, तिलाही ते गाणं पाठ होतं! तेवढा एक सेकंद काय वाटलं ते मला लिहिता येणार नाही. त्यानंतर मात्र मला इतका आनंद झाला की लगेच कॉम्बो नंबर १२ काढला आणि तिच्या पायावर पाय दिला.

आणि हो, हिंमत करून काकांशी बोललो. त्यांना विचारलं तुम्ही इतकं साधं नाचता तरी सगळ्यांना इतकं का आवडतं, काही खास विचार आहे का मागे. ते म्हणाले विचार कसला, दोन्ही गुडघे गेलेत, डॉक्टरांनी वळायला मनाई केलीय, आधी मीपण तुझ्यासारखाच होतो. मग म्हणाले की सुरुवातीला फार लाज वाटायची, जास्त काही जमत नाही म्हणून समोरचीची माफी मागायचो, नंतर कधीतरी माफी मागायचं विसरलो. आणि गाणी त्यांना सगळी येतात, नाचताना चक्क पुटपुटत असतात, स्पॅनिशचा एक शब्द कळत नाही तरी. ते मी वर्षभर बघत होतो आणि मला वाटायचं काका पावलं मोजतायत.

त्या ताई काही परत आल्या नाहीत.

जुना_खांब:

गुडघ्याचं वाचून हसलो आणि मग माझे गुडघे आठवले. काकांना माझा नमस्कार सांगा.

बिनधास्त_भिंगरी:

१२ नंबरवर पाय दिलात तिने काय केलं??

पाच_सहा_सात:

ओरडली. मग पुढच्या गाण्यालाही थांबली. चपला बदलून आली आधी.

डावा_पाय:

छान छान. आता वही लागत नसेल ना तुम्हाला? मी मागे विचारलं होतं झेरॉक्सचं, कोणी लक्षच देत नाही माझ्याकडे.

पाच_सहा_सात:

फोटो काढून व्यनि करतो. ३१ नंबरला कोपर सांभाळा, पार्टनरचं.